ट्रेलरच्या कामाला मिळालेले 2 तारे: आमचं म्हणणं

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर रागाच्या भरात काहीतरी लिहून गेलो असतो. म्हणून थांबलो, आणि सोमवारी सकाळी तुमचं जॉबकार्ड, फोटो आणि बिल सगळं पुन्हा काढून बघितलं.

बाकी वाचणाऱ्यांना आधी प्रकरण सांगतो. साहेबांनी लष्कराच्या लिलावातून बाहेर आलेला, जीपमागे लावायचा पाव टनी जुना ट्रेलर विकत घेतला आणि कोपरखैरण्याला रो हाऊसच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी नवा करायला घेतला. कॅम्पिंगसाठी त्यात स्वयंपाकाचे खण, पाण्याची टाकी, वर तंबू असा त्यांचा बेत. टपाचं म्हणजे वरच्या पत्र्याच्या हौदाचं काम त्यांनी घरी केलं. चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, ड्रॉबार म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्या, हब म्हणजे चाकाचा बेअरिंगवर फिरणारा मधला भाग, आणि वायरिंग आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या शेडमध्ये आलं. तक्रार अशी आहे: 12 दिवस सांगून 34 दिवस लावले, 38,000 चा अंदाज देऊन 54,500 चं बिल केलं, न विचारता तळाला भोकं पाडली, टाकी आपल्या मनाने पुढे सरकवली, मूळ हिरवा रंग द्यायला नकार दिला, आणि एवढं करून मागचे दिवे मिणमिणतात.

दिव्यांची चूक सरळ सरळ आमची आहे. तुम्ही भंगार बाजारातून जुने लष्करी टेललॅम्प शोधून आणलेत, ते आम्ही बसवले, पण आतले बल्ब 24 व्होल्टचे आहेत हे कुणी पाहिलं नाही. तुमची गाडी 12 व्होल्टची. दिवसा शेडच्या दारात चाचणी केली, दिवे लागले, आम्ही पुढे गेलो. रात्री रस्त्यावर मागच्या गाडीला तुमचा ब्रेकलाइट दिसत नाही ही साधी गोष्ट नव्हे. बल्ब आणि होल्डर बदलून देतो, एक पैसा लागणार नाही. यापुढे दिव्यांची चाचणी अंधार पडल्यावरच होणार, तसं जॉबकार्डावर छापून घेतलं आहे.

बिलाबद्दल. 16,500 रुपये वाढले, त्यातले 11,500 ड्रॉबारचे आणि 5,000 हबच्या बेअरिंग आणि सीलचे. ड्रॉबारला तडा असल्याचा फोटो आम्ही तुम्हाला पाठवला, निळ्या टिका आल्या, आणि शेडमधल्या आमच्या कामगार पोराने ती संमती समजून काम सुरू केलं. फोटो बघणं म्हणजे 'हो' म्हणणं नव्हे. मी स्वतः फोन करून आकडा सांगायला हवा होता. ड्रॉबारच्या कामातली मजुरी 6,500 रुपये होते, ती परत करतो. सामानाचे पैसे मात्र घेतलेले आहेत ते तसेच राहतील, आणि तो तडा न भरता ट्रेलर तुमच्या हवाली केला असता का, असं विचाराल तर नाही, कधीच नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या अभिप्रायात 'नसतं काम काढून बिल फुगवलं' असं वाक्य आहे आणि ते मला लागलं. ट्रेलर आला तेव्हा ड्रॉबार गुळगुळीत होता. आमचे मिस्त्री गेली 30 वर्षं चेसिसचंच काम करतात. त्यांनी डाव्या दांडीवर, जिथे ती चेसिसच्या पुढच्या आडव्याला मिळते तिथे, हातोडीने हलकेच टकटक केलं. बाकी सगळीकडे खणखणीत आवाज, तिथे बोदा. वरचा रंग खरवडला तर खाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली, लांबीच्या खाली कधीतरी कुणीतरी मारलेली चौकोनी पट्टी. पट्टीच्या कडेला मला काहीच दिसत नव्हतं. मग जागा साफ करून बारीक तड्यात शिरणारा लाल डाय मारला, पंधरा मिनिटं ठेवला, कोरड्या फडक्याने पुसून घेतला आणि वर तड्यातला डाय बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभर नुसतं पांढरं. मग वेल्डच्या अगदी पायथ्याशी केसाएवढी लाल रेघ उमटायला लागली आणि आमच्या डोळ्यांसमोर लांबत गेली, अडीच इंच. ती रेघ मी बघत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की तुम्ही मुलांना घेऊन माळशेजला जाणार असं बोलला होता.

ती जुनी पट्टी मारणाऱ्याने दांडीवर आडवं वेल्डिंग केलं होतं. दांडी वर-खाली वाकत असते, सगळा ताण नेमका त्या आडव्या शिवणीच्या कडेला येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. वरून आणखी एक टाका मारून भागलं असतं तर 2,000 मध्ये काम झालं असतं. आम्ही पट्टी कापून काढली, तड्याच्या टोकाला भोक पाडून त्याची वाढ थांबवली, ग्राइंडरने खाच उघडून मुळापासून भरलं, आणि वर शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी दिली, म्हणजे कुठलीच शिवण दांडीला आडवी येत नाही. आसावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना मात्र वेल्डिंगचा स्पर्शही केलेला नाही. पाट्याच्या पोलादाला उष्णता लागली की त्याचा कस जातो, हे मिस्त्री प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात.

आता तळाची भोकं. ती आम्ही पाडलेली नाहीत, बुजवलेली उघडली. हे ट्रेलर ज्या घराण्यातले, त्याची गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. 1940 साली पहिली जीप बनवली ती अमेरिकेतल्या बँटम कंपनीने. पुढे जीपची मोठी कंत्राटं विलिज आणि फोर्डकडे गेली, आणि बँटम जीपमागचे हे ट्रेलर बनवू लागली. त्याचा टप मुद्दाम पाणी शिरणार नाही असा जोडलेला असे, नदी ओलांडताना तो होडीसारखा तरंगावा म्हणून. पण जो हौद बाहेरचं पाणी आत घेत नाही तो आतलं बाहेरही सोडत नाही, म्हणून तळाला बूच लावलेली निचऱ्याची भोकं असत. तुमचा ट्रेलर त्याच घाटणीचा. घरी काम करताना तळ सपाट हवा म्हणून तुम्ही ती भोकं पत्र्याच्या चकत्या लावून बंद केलीत.

ठाण्या-नवी मुंबईला वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमचा टप साधारण सहा फूट बाय सव्वातीन फूट. ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटली आणि आत चार इंच पाणी साचलं, तर ते एकटंच पावणेदोनशे किलोच्या वर जातं. पाव टनी म्हणजे 500 पौंड, 227 किलो, एवढीच त्याची खडबडीत रस्त्यावर सामान वाहण्याची क्षमता. शिवाय साचलेलं पाणी तुम्ही तीन महिने घासून चकचकीत केलेल्या त्याच पत्र्याला आतून खाणार. म्हणून मूळ जागीच भोकं उघडून पितळी आट्यांची बुचं बसवली. पार्किंगमध्ये उभा असताना बुचं काढून ठेवा. सांगून करायला हवं होतं हे मान्य. केलं ते बरोबरच केलं.

टाकीचंही तेच. सगळं सामान भरून, टाकी पूर्ण करून वजन केलं तेव्हा ट्रेलर स्वतःच्या वजनासकट 480 किलो भरला, पण ड्रॉबारच्या टोकाची, गाडीच्या हुकात अडकणारी रिंग वजनकाट्यावर टेकवली तर तिच्यावर भार फक्त 14 किलो. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे, हुकवर यावा लागतो. तेवढा नसेल तर उतारावर वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाच फिरवतो. तुमची 50 लिटरची टाकी आसाच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याच्या मागे, अगदी शेवटी होती. ती आणि बॅटरी आसाच्या पुढे घेतली, भार 55 किलोवर आला. तुमच्या आराखड्यात सिंक मागच्या दाराशी होतं हे मला माहीत आहे, नळी लांबवून ते तसंच ठेवलं आहे. जादा पाटा टाकायचा तुमचा हट्टही मी सुरक्षेसाठीच मानला नाही: पाटा वाढवला म्हणून आस, हब आणि रिंग जास्त वजन पेलत नाहीत, रिकामा ट्रेलर तेवढा जास्त उडतो.

रंगाबद्दल तुम्ही लिहिलंत की 'यांना साधा ऑलिव्ह ग्रीन बनवता येत नाही'. बनवता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 संरक्षण खात्याखेरीज इतर कुठल्याही वाहनाला तो रंग द्यायला मनाई करतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या हिशेबी ट्रेलर हेही वाहनच, त्यालाही नोंदणी लागते. वाशी आरटीओचं नाव काढून मी तुम्हाला घाबरवलं असं तुम्हाला वाटलं. घाबरवायचं नव्हतं, नोंदणीच्या कागदांचं काम रंगाआधी हाती घ्या एवढंच सांगायचं होतं. पण मूळ रंग पूर्ण जाऊ नये असं मलाही वाटत होतं. टपाच्या आत, पुढच्या भिंतीवर, जुन्या स्टेन्सिलचे अर्धे पुसलेले आकडे आहेत. तेवढी वीतभर जागा आम्ही कागद चिकटवून झाकली, काहीही न करता तशीच ठेवली आणि वर फक्त लॅकर मारलं. खण बाहेर ओढलात की दिसेल. बहुतेक अजून तुम्ही पाहिलेलं नाही.

उशीर. चेसिस ब्लास्टिंगला, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून जुना रंग आणि गंज काढायला गेलं तो जुलैचा दुसरा आठवडा होता. ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत काही तासांत लालसर होतं. त्याच्यावर प्रायमर मारला तर दिवाळीपर्यंत पोपडे. दोनदा असं झालं की चेसिस आलं, पाऊस लागला, पृष्ठभागाने पुन्हा गंज धरला आणि पुन्हा पाठवावं लागलं. दुसऱ्या खेपेचे पैसे बिलात लावलेले नाहीत. तिसऱ्या वेळी उघडीप मिळाली आणि त्याच दुपारी इपॉक्सी प्रायमर बसला. जुलैत 12 दिवस हा शब्द मी द्यायलाच नको होता, आणि उशीर होतोय हे तुम्हाला तुमच्याच तीन फोननंतर कळलं, याबद्दल मनापासून माफी मागतो.

एक गोष्ट अभिप्रायात नाही पण मला सांगायची आहे. टपाच्या पत्र्याला तुम्ही ब्लास्टिंग न करता हाताने घासलंत, ते अगदी योग्य केलंत. एवढा पातळ पत्रा ब्लास्टिंगने ताणला जातो आणि लाटा येतात. मागच्या कोपऱ्यातला ठोकून सरळ केलेला भाग मिस्त्रींनी दोनदा हात फिरवून बघितला आणि मला बोलावून दाखवला. फक्त पुढचा भाग घासाल तेव्हा पाणी मारून घासा आणि चांगला मास्क लावा. जुन्या लष्करी रंगात शिसं असू शकतं, आणि तुमची लहान मुलं त्याच पार्किंगमध्ये सायकल चालवतात.

शनिवारी संध्याकाळी सात नंतर ट्रेलर घेऊन या, अंधारात दिवे तपासू. 6,500 रुपये त्याच वेळी परत मिळतील. माळशेजला जाण्याआधी हबही एकदा उघडायचे आहेत, नवीन बेअरिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात आणि नट पुन्हा जुळवावा लागतो. तासाभराचं काम आहे. येताना सेफ्टीच्या दोन्ही साखळ्या आणा, त्या ड्रॉबारखालून एकमेकींना फुली मारून कशा लावायच्या ते मिस्त्री दाखवतील, आणि मुलांनाही घेऊन या.