आवाज गेला म्हणून कॉम्प्युटरच्या जॅकमध्ये तेल घालायचं नसतं! त्या "7 घरगुती उपाय" मेसेजला उत्तर

"कॉम्प्युटरचा आवाज गेलाय किंवा कमी झालाय? इंजिनियरला हजारो रुपये देऊ नका, हे 7 उपाय घरीच करा" असा एक लांबलचक मेसेज सध्या इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. मी एरवी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही, पण हा मेसेज रामबागेतल्या माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने त्यातला उपाय क्रमांक 2 खरोखर करून टाकला. आत्या गाणं शिकवते, तिचे निम्मे विद्यार्थी बाहेरगावचे, सगळे क्लास कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलने चालतात, म्हणजे आवाज बंद तर क्लास बंद. म्हणून लिहितोय, आणि राग येऊन लिहितोय.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, मेसेज म्हणतो: 1) कंपन्या मुद्दाम आवाज कमी ठेवून कॉम्प्युटर विकतात, बूस्टर (आवाज वाढवणारं सॉफ्टवेअर) टाकून 600 टक्के करा. 2) हेडफोनच्या जॅकमध्ये सुईने खोबरेल किंवा बदामाचं तेल सोडा. 3) स्पीकरवर चुंबक फिरवा, त्याने स्पीकर "चार्ज" होतो. 4) विंडोज अपडेट कायमचं बंद करा, त्यानेच आवाज जातो. 5) अँटिव्हायरस बंद करून खालच्या लिंकवरून ड्रायव्हर (विंडोजला ऑडिओचा भाग चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) घ्या. 6) जमलं नाही तर खालच्या नंबरवर फोन करा, मायक्रोसॉफ्टचा इंजिनियर स्क्रीन बघून फुकट दुरुस्त करेल. 7) आवाज आपोआप कमी-जास्त होत असेल तर साउंड कार्ड जळायला लागलंय, मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा आतला मुख्य बोर्ड) बदला.

आधी तेलाचं बघू.

जॅकच्या आत नक्की काय असतं हे मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं नाही. आत पत्र्याच्या बारीक स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात, पिन आत गेली की त्या पिनेला टेकतात आणि त्यातून आवाजाचा करंट जातो. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये तिथेच एक छोटा स्विचही असतो, पिन आत गेली की तो दबतो आणि कॉम्प्युटरला कळतं की हेडफोन लागलाय, मग लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. आता यात तेल सोडलं की काय होणार? तेलातून करंट जात नाही, पट्टी आणि पिनेच्या मध्ये त्याचा थर बसतो, वर धूळ चिकटते आणि महिन्याभरात त्याचा चिकट काळा राप तयार होतो. आणि सुई! सुईने ती पट्टी एकदा वाकली की पिन तिला कधीच नीट टेकत नाही. कॉम्प्युटर चालू असताना कोणी धातूची सुई आत फिरवली तर शॉर्ट होऊन त्या पोर्टचं कायमचं नुकसान होऊ शकतं ते वेगळंच. आत्याच्या डेस्कटॉपच्या मागच्या हिरव्या पोर्टमधून मी कापसाची काडी फिरवली तर ती पिवळट-काळी होऊन बाहेर आली आणि बदामाच्या तेलाचा वास येत होता. त्या पोर्टमधून आता फक्त डाव्या बाजूचा आवाज येतो. त्याआधी तो पोर्ट व्यवस्थित होता, कारण तिचा मूळ प्रॉब्लेम जॅकचा नव्हताच, त्याच्यावर खाली येतो.

यात अर्धं खरं काय ते सांगतो. जॅकमधला तो छोटा स्विच कधीकधी अडकून बसतो, मग हेडफोन काढला तरी कॉम्प्युटरला वाटतं तो लागलेलाच आहे आणि स्पीकर गप्प राहतो. आणि संपर्काच्या जागी कचरा बसून आवाज खरखरतो किंवा एका बाजूने येतो हेही होतं. पण त्याचा उपाय म्हणजे कॉम्प्युटर बंद करायचा आणि हेडफोनची कोरडी, पुसलेली पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करायची. बस. त्याने भागलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो थोडासा, कॉम्प्युटर बंद असताना मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. देवघरातलं आणि स्वयंपाकघरातलं काहीही त्या भोकात घालायचं नाही.

आता 5 आणि 6, हे दोन्ही एकत्र घेतो कारण ते एकाच माणसाच्या फायद्याचे आहेत आणि तेलापेक्षा जास्त धोक्याचे आहेत. तेलाने फार तर एक पोर्ट जाईल, इथे बँकेतले पैसे जातात. विचार करा, जो तुम्हाला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो आणि मग त्याची फाइल उघडायला लावतो, त्याला अँटिव्हायरस चालू असताना काय पकडलं जाईल याची भीती आहे? चांगला ड्रायव्हर टाकायला विंडोजचं डिफेंडर, म्हणजे त्यातला स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करावं लागत नाही. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतो, नाहीतर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून घ्यायचा, तिसरी जागा नाही. आणि नवीन उतरवण्याआधी साधी गोष्ट करून बघा: स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात "साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स" उघडायचं, आपलं ऑडिओ डिव्हाइस निवडून अनइन्स्टॉल करायचं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, विंडोज स्वतःच ड्रायव्हर परत बसवतं.

आणि तो फोन नंबर. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सपोर्टच्या पानावर अगदी स्पष्ट लिहून ठेवलंय की त्यांच्या एरर किंवा वॉर्निंग मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो आणि तुम्ही न मागता ते तुम्हाला फोन करत नाहीत. मग व्हॉट्सॅपच्या मेसेजखाली त्यांचा इंजिनियर कुठून आला? हा माणूस तुम्हाला स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला लावतो, नऊ आकडी कोड विचारतो, आणि कोड दिला की माऊस त्याच्या हातात. मग "सर्व्हिस चार्ज फक्त 10 रुपये" म्हणून नेटबँकिंग उघडायला लावतो आणि तुम्ही पासवर्ड टाकताना तो समोर बसून बघत असतो. आपल्या घरातले साठी-सत्तरीचे लोक यात फसतात, त्यात त्यांची अक्कल कमी नाही, समोरचा फार सराईतपणे बोलतो आणि यांना कॉम्प्युटर बिघडल्याची काळजी लागलेली असते. कोणी आधीच फोन केला असेल तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, लाज वाटून गप्प बसू नका, जेवढा उशीर तेवढे पैसे परत मिळणं अवघड.

चुंबकाचं एका ओळीत संपतं: स्पीकरच्या आत त्याचं स्वतःचं कायमचं चुंबक असतं, ते वरून दुसरं घासून "चार्ज" होत नाही, आणि आवाज जायला ते कारणीभूतही नसतं.

600 टक्क्यांचं. डिजिटल आवाजाला वरची हद्द असते. साध्या 16 बिटच्या आवाजात एका क्षणाचा सगळ्यात मोठा आकडा 32,767, त्याच्या वर काही लिहिताच येत नाही. बूस्टर तुमच्या आवाजाला सहाने गुणतो, जे हद्दीच्या वर जातं ते सपाट कापलं जातं, म्हणून गाणं मोठं न होता फाटतं. आणि असा कापलेला आवाज सतत मोठ्याने वाजवला तर छोट्या स्पीकरला खरंच धोका असतो, म्हणजे मेसेज ज्याला उपाय म्हणतो त्यानेच स्पीकर जायची वेळ. एखादा व्हिडिओच हळू आवाजात रेकॉर्ड केला असेल तर बूस्टरचा थोडा उपयोग होतो, एवढं मान्य. पण त्यासाठी बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये "लाउडनेस इक्वलायझेशन" आधीच दिलेलं असतं, त्याच्यावर टिक करा, बाहेरचं काही टाकायची गरज नाही.

अपडेटच्या मुद्द्यात, नाइलाजाने सांगतो, थोडं तथ्य आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या बऱ्याच लोकांचा आवाज एका रात्रीत गेला होता, कारण इंटेलचा एक ऑडिओ ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून चुकून पाठवला गेला होता आणि मायक्रोसॉफ्टने ते कबूल करून तो काढायचा मार्गही दिला. म्हणजे अपडेटने आवाज जाऊ शकतो, हो. पण त्यासाठी अपडेट कायमचं बंद करणं म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही कायमच्या बंद, आणि मग मुद्दा 5 वाल्याला घरात यायला रस्ता मोकळा. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच त्या ऑडिओ डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" बटण असतं, ते दाबता येत असेल तर दाबा, जुना ड्रायव्हर परत येतो.

आता शेवटचा, सातवा, जो वाचून आत्या रात्रभर काळजीत होती कारण मदरबोर्ड बदलायचा खर्च तिला परवडणारा नाही. "आवाज आपोआप कमी होतो म्हणजे साउंड कार्ड जळतंय." मी तिला विचारलं, अगं आत्या, नक्की कधी कमी होतो? तर म्हणाली, क्लासच्या आधी तानपुऱ्याचं अॅप लावते तेव्हा छान घुमतं, पोरांचा कॉल जोडला की तानपुरा एकदम बसतो, आणि क्लास संपला की परत वर येतो. आता जळलेल्या पार्टला क्लास कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कळेल का? हे विंडोज मुद्दाम करतं. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून त्यात सोय आहे की कॉल सुरू झालाय असं लक्षात आलं की बाकी सगळे आवाज 80 टक्क्यांनी खाली आणायचे, म्हणजे समोरच्याचं बोलणं नीट ऐकू यावं. ऑफिसच्या माणसाला हे बरं वाटत असेल, पण गाणं शिकवणाऱ्याचा तानपुराच खाली जातो, मग सूर कशाला लावायचा? आणि हे सेटिंग कॉम्प्युटर घेतल्यापासूनच असं लावलेलं असतं, त्यामुळे कुणी काही हात न लावता हे होतं आणि माणूस घाबरतो.

बदलायचं कसं ते नीट लिहितो, कारण अनेक संगीतवाल्यांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तिथे खाली "मोअर साउंड सेटिंग्ज" (10 मध्ये हेच "साउंड कंट्रोल पॅनेल" नावाने बाजूला दिसतं). एक छोटी जुनी खिडकी उघडते, तिच्या वर चार टॅब, शेवटचा "कम्युनिकेशन्स". तिथे "रिड्यूस बाय 80%" वर ठिपका असतो, तो काढून "डू नथिंग" वर द्यायचा, ओके. आत्याचा तानपुरा त्यानंतर कॉल जोडल्यावरही होता तिथेच राहिला आणि तिने लगेच सा लावून बघितला.

(समोरच्या मुलांना तानपुरा ऐकू येत नाही ही तक्रार वेगळी आहे. कॉलची अॅप सततचा एकसुरी आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजून पुसून टाकतात. तानपुऱ्याचा डबा बाजूला वेगळा वाजत असेल तर झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करा, आणि तो त्याच कॉम्प्युटरवर वाजत असेल तर स्क्रीन शेअर करताना "शेअर साउंड" वर टिक करा.)

समजा, तुमचं कारण हे नाही आणि आवाज अजिबातच नाही, तरी मदरबोर्ड लगेच नको. मायक्रोसॉफ्टचंच आवाज दुरुस्तीचं पान आहे, त्यातही वायर, आवाजाची पातळी आणि आउटपुट हेच तपासायला सांगितलंय, मदरबोर्ड बदलायला नाही. दिवाळीच्या साफसफाईनंतर येणाऱ्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात: स्पीकरची हिरवी पिन गुलाबी पोर्टमध्ये गेलेली असते. हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, फिकट निळा लाइन-इनचा (बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घ्यायचा), हे रंग इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या "पीसी 99" नावाच्या डिझाइन गाइडमधून आलेत, गेली 25 वर्षं बहुतेक डेस्कटॉपवर हेच आहेत. मग स्पीकरची स्वतःची वीज आणि त्याचं बटण. मग घड्याळाशेजारचं आवाजाचं चिन्ह दाबून आवाज कुठे चाललाय ते बघायचं, नवा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की विंडोज कधीकधी सगळा आवाज तिकडे पाठवतं आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. मग व्हॉल्यूम मिक्सर, म्हणजे प्रत्येक अॅपचा आवाज वेगळा दिसतो ती जागा, एकट्या ब्राउझरचाच आवाज शून्यावर असेल तर बाकी सगळं ठीक असूनही व्हिडिओ गप्प.

एवढं करूनही काही नाही, तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन यूएसबी साउंड अडॅप्टर मागा, बोटाएवढी वस्तू, साधा दोन-तीनशे रुपयांत येतो. तो लावल्यावर आवाज आला तर बिघाड बोर्डावरच्या ऑडिओत आहे हे कळलं, आणि दुरुस्तीही तिथेच झाली, मदरबोर्ड बदलायचं कारणच उरत नाही. आत्याच्या तेलकट पोर्टला आता हाच पर्याय लावलाय, दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज येतो.

ग्रुप अॅडमिन लोकांना एकच विनंती. अॅडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो 7 उपायवाला मेसेज दिसला की तो नंबर आणि लिंक अजून कुणी दाबायच्या आत काढून टाका, आणि ज्या काका-मावशींनी पुढे पाठवलाय त्यांना ग्रुपवर न बोलता वेगळा फोन करून सांगा, त्यांनी चांगल्या मनानेच पाठवलाय.