शिंकेचा पंचनामा

पहिली शिंक आली तेव्हाच मी आरोपी ठरवून टाकला होता: लिफ्टमधला तो माणूस. दोन दिवसांपूर्वी तो माझ्या मानेमागे असा शिंकला होता की माझी कॉलर हलली. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "हे त्याचंच काम."

"अहो, दिवसभर डोळे चोळत बसता, त्याचं काय?" बायको पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

मी चिडून वाचायला बसलो आणि वाचल्यावर जास्तच चिडलो, कारण तिचं बरोबर निघालं. पडशाचा नेहमीचा मानकरी म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो हवेतून येतो, तसाच हातावरूनही येतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी एक बारीक नळी असते, रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळेच. हातावरचा विषाणू डोळ्याला लागला की त्याच रस्त्यानं खाली घरंगळतो. म्हणजे लिफ्टमधल्या गृहस्थानं फार तर बटणाला हात लावला असेल. पाहुण्याला बोट धरून आत आणलं ते माझ्याच तर्जनीनं.

पाहुणा तरी केवढा? ३० नॅनोमीटरच्या आसपास. एका मिलिमीटरमध्ये असे तेहतीस हजार शेजारी शेजारी उभे राहतील. त्याची सगळी अक्कल सुमारे ७,२०० अक्षरांच्या आरएनएमध्ये मावते. आमच्या ऑफिसात रजेचे नियम सांगायलाही याहून जास्त अक्षरं लागतात. त्याला ३३ अंश सेल्सिअसच्या आसपासचं हवामान मानवतं, शरीराचे ३७ त्याला सोसत नाहीत. म्हणून तो छातीत फारसा न उतरता नाकातच बिऱ्हाड करतो. नाकातल्या पेशीच्या एका विशिष्ट कडीला तो चिकटतो, आत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढून घेतो.

इथवर चूक त्याची, हे मान्य. पण तो नाकातल्या पेशींची नासधूस तशी फारच थोडी करतो. चोरानं एक कुलूप उघडलं असेल नसेल, तोवर पोलिसांनी येऊन सगळी दारं तोडावीत, तसं माझं झालं.

बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची रसायनं सोडून शेजारणींना सावध करते. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी हे शोधून काढलं. इशारा उत्तम आहे, तक्रार नाही. पण याच रसायनांमुळे अंग मोडून येतं, कणकण वाटते. मग मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकवला जातो. शरीर नेहमीइतकंच गरम असतं, पण नव्या काट्याच्या हिशेबानं ते थंड ठरतं, म्हणून हुडहुडी भरते. थर्मामीटरवर जेमतेम ९९.६ आणि मी दोन पांघरुणांत. "एवढ्याशा तापाला?" असं लेकीनं विचारलं. तिला काटा समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तीन शिंका आल्या.

सगळ्यात मोठी फसवणूक चोंदण्याची. नाक चोंदलं म्हणजे शेंबूड साठला, अशी माझी आयुष्यभराची समजूत. म्हणून रात्री दीड वाजता, बाहेरच्या खोलीत (उशीसकट माझी बदली तिथं झाली होती) मी नाक शिंकरत होतो. कान दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, रुमाल कोरडा. आत अडकायला काही नव्हतंच! नाकपुडीतल्या रक्तवाहिन्या फुगून त्यांनीच रस्ता अडवला होता. डाव्या कुशीवर झालो की डावी बंद, उजव्या कुशीवर झालो की उजवी. पहाटेपर्यंत मी तव्यावरच्या भाकरीसारखा उलटत होतो.

चौथ्या दिवशी रुमालावर हिरवा रंग दिसला आणि मला हायसं वाटलं. पुरावा! आता डॉक्टर अँटिबायोटिक देणार. दवाखान्यात मी रुमाल उघडायला घेतला तशी डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली.

"असू द्या, असू द्या. रंग सांगा नुसता."

"हिरवा. म्हणजे जंतू ना?"

"तो हिरवा रंग तुमचाच आहे." त्यांनी शांतपणे सांगितलं. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये लोह असलेलं एक विकर (एन्झाइम) असतं, ते मुळातच हिरवं. पेशी ढिगानं येतात, मरतात, रुमालावर उतरतात.

"तरी एखादी गोळी?"

"पेनिसिलिनसारखी औषधं जीवाणूंची भिंत पाडतात. तुमच्या विषाणूला भिंतच नाही. पाडू काय?"

परत येताना मला पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग आठवला. पेनिसिलिनच्याही आधी, १९२१ साली, सर्दी झालेली असताना त्यानं स्वतःच्याच नाकातला थेंब जीवाणू वाढवलेल्या बशीवर टाकला. थेंबाभोवतीचे जीवाणू विरघळले. सापडलं ते लायसोझाइम, आपल्या शेंबडातलं आणि अश्रूंतलं जंतुनाशक. पुढे अश्रू कमी पडले तेव्हा त्यानं लिंबाच्या मदतीनं सहकाऱ्यांना रडवलं. एका सर्दीतून माणसानं एवढं काढलं, मी अकरा रुमाल काढले. गंमत म्हणजे ज्या सर्दीमुळे लायसोझाइम सापडलं, त्या सर्दीवर ते चालत नाही. तिथंही अडचण भिंतीचीच.

गळ्याखाली दोन गाठी हाताला लागत होत्या. लहानपणी पायाला जखम झाली की जांघेत अवधाण यायचं, त्याच जातीच्या. आत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची भरती चालू असते. विषाणूच्या मापाची पेशी शोधायची, तिच्या हजारो प्रती काढायच्या. या कामाला आठवडाभर सहज जातो. तोवर सगळी मदार त्या दारं तोडणाऱ्या पोलिसांवर. पण एकदा काम झालं की त्या विषाणूची नोंद राहते. तोच पुन्हा आला तर उंबऱ्यातच धरला जातो.

आठव्या दिवशी उठलो तर दोन्ही नाकपुड्या उघड्या. मी उशी उचलून विजयी वीरासारखा आतल्या खोलीत परतलो, तोच बायको शिंकली.

"घे!" मी जवळ जाऊन बसलो. "माझंच आहे ना? मग मला आता त्याची भीती नाही. माझ्याकडे त्याची प्रतिपिंडं तयार आहेत."

"तुमचं नाही हो हे," ती रुमालातून म्हणाली. "आमच्या ऑफिसात चारजण शिंकताहेत. तुम्ही आजारी पडायच्या आधीपासून."

ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार आहेत. मी उशी उचलली.