जांभ्यावर सिमेंट थापणं बंद करा!

पावसाळा तोंडावर आला की रत्नागिरीत कुठल्या ना कुठल्या ब्रिटिशकालीन इमारतीला सिमेंटचा गिलावा बसतो, वर चकचकीत ऑइलपेंट. झालं म्हणे जतन!

अहो, जांभा सच्छिद्र दगड आहे. पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. जुन्या गवंड्यांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी चुना वापरला. चुन्यातून भिंत श्वास घेते. सिमेंट आणि ऑइलपेंटने ओल आतच कोंडते, जांभ्याचा चिरा झिजत जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. मग पुन्हा निविदा, पुन्हा सिमेंट. दर वेळी तेच! चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला कुणी जात नाही, याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

वर ऐकवतात, ‘गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?’ थिबा राजवाडा बघा. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, तिथल्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं, 1910 मध्ये हा वाडा दिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. साम्राज्याने काय केलं याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला? तोही पुसायचा? आणि पाहायला येणारे जुन्या भिंतींवर बदाम कोरून नावं लिहितात, ते वेगळंच.

वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातली डच वखार तर झाडांनीच गिळली. मुळं भिंतीत शिरलीत. राज्य संरक्षित स्मारक आहे म्हणे. मग निदान ती झाडं तरी काढा, या पावसाआधी!