एकावर एक फ्री

दिवाळीच्या सेलमध्ये ‘एकावर एक फ्री’ची पाटी दिसली की गरज नसताना आपण दोन सदरे घेऊन येतो. सरकारची अशीच एक योजना 1962 पासून चालू आहे आणि एकाही चौकात तिचा फ्लेक्स नाही, याला काय म्हणावे? शस्त्र अधिनियम 1959, कलम 31. या कायद्याखाली एकदा दोषी ठरलात आणि पुन्हा याच कायद्याखाली दोषी ठरलात, की दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा दुप्पट.

हिशेब सोपा आहे. विनापरवाना कट्टा बाळगायला पूर्वी 1 ते 3 वर्षे होती. 2019 च्या दुरुस्तीने ती 2 ते 5 झाली, म्हणजे महागाई इथेही पोचली. दुसऱ्या खेपेला 4 ते 10. कमरेला तोच, बेकायदा शस्त्रांसाठी बदनाम असलेल्या उमर्टी गावचा गावठी कट्टा, तीच दोन जिवंत काडतुसे, कट्ट्यात काडीची सुधारणा नाही, आणि मुदत मात्र दुप्पट. कोणती पतपेढी देते असा परतावा?

अटी नीट वाचा. पहिली शिक्षा याच कायद्याखालची हवी. तुम्ही खुनाची शिक्षा भोगून आलात आणि मग कट्ट्यासह सापडलात, तर कलम 31 तुम्हाला दारात उभे करत नाही. न्यायाधीश मनात काय धरायचे ते धरतील, पण दुपटीचा हक्क तुमचा नाही. तेव्हा उगाच मोठ्या कामांनी सुरुवात करू नका. आधी कट्टा, मग पुन्हा कट्टा. करिअर असे शिस्तीत करावे.

आणि पहिल्या खटल्याचा निकाल लागू द्या. इथेच आपली होतकरू मुले मार खातात. कट्टा सापडला म्हणजे शिक्षा झाली, असे त्यांना वाटते. अहो, मध्ये खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी आहे, कट्ट्यातून खरेच गोळी सुटते का याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे, आणि पंच आहेत. पंचनाम्यावर सही करणारा पंच साक्षीला येईपर्यंत ‘मला काही आठवत नाही’ या वयाला पोचतो. संजय दत्तला बेकायदा शस्त्रासाठी 1993 मध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा 5 वर्षांचा अंतिम निकाल आला 2013 मध्ये. तो बॉम्बस्फोटाचा अवाढव्य खटला होता, कबूल. पण तुमची फाइल काही पंख लावून उडणार नाही. त्यामुळे पेपरात तुम्ही ‘रेकॉर्डवरील सराईत गुन्हेगार’ असता आणि कोर्टात गेलात की पाटी कोरी. दुपटीची योजना वाचून लोक टाळ्या वाजवतात. ती लागू व्हायला आधी एक निकाल लागतो, हे कोणी सांगत नाही.

निकालाची वाट बघायचा कंटाळा असेल तर टोळीत जा. मोक्काला, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याला, आधीची शिक्षा लागतच नाही. मागच्या 10 वर्षांत टोळीच्या नावावर एकाहून अधिक आरोपपत्रे आणि त्यांची कोर्टाने घेतलेली दखल, एवढ्यावर भागते. गुन्हे तेवढे 3 वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचे हवेत. दोषी ठरलात तर किमान 5 वर्षे, 5 लाखांपासून पुढे दंड, आणि जामीन म्हणाल तर त्याची आशा वकीलही फी घेतानाच दाखवतो.

जुन्याच वाटेने जाणाऱ्यांसाठी थोडे शिष्टाचार. पहिल्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावे लागते. राहून गेले तर शिक्षा सुनावेपर्यंत घालता येते. पण तुम्ही दोषी ठरेपर्यंत ते वाचून दाखवत नाहीत. तुमच्याविषयी मत कलुषित होऊ नये म्हणून एवढी काळजी! घरी सासूबाईंनी घेतली असती का?

मग न्यायाधीश विचारतात, ‘शिक्षेबाबत काही सांगायचंय?’ पहिल्या वेळी तीन वाक्ये पाठ होती: आई म्हातारी आहे, घरात कमावता मी एकटाच, साहेब पहिलाच गुन्हा आहे. यातले तिसरे आता गाळा. पहिली दोन जरा सावकाश म्हणा, म्हणजे रिकामी जागा फार जाणवत नाही. आणि मागच्या वेळी आईचे वय किती सांगितले होते, तेवढे वकिलाकडून पडताळून घ्या.