माशी नेमकी कुठे शिंकते

'माशा मारत बसणे' हा आपल्याकडे रिकामटेकडेपणाचा भक्कम पुरावा मानतात. फ्लाय फिशिंगमध्ये माशीनं, म्हणजे गळावर पीस गुंडाळून केलेल्या नकली माशीनं, मासा धरायचा असतो, त्यामुळे त्याला कुणी काम म्हणणार नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. मात्र या उद्योगात माशी जितक्या ठिकाणी शिंकते, तितक्या ठिकाणी ती लग्न जमवतानाही शिंकत नसावी.

जागा म्हणजे तीर्थन नदी, हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली, बंजारच्या पुढे गुशैणीकडची. इथे धरायचा तो ट्राउट नावाचा मासा. मुळा-मुठेत ट्राउट का नाही, याची कारणं अनेक, पण त्यातलं सभ्य कारण तापमान हे आहे. ट्राउटला 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. 20 च्या वर गेलं की त्याचा जीव गुदमरायला लागतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. मुळात हा मासा इथलाही नव्हे. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास तो काश्मिरात आणला, तिथून अंडी आणून 1909 मध्ये कुल्लूत वाढवला. साहेब गेला, मासा राहिला आणि साहेबाचा तोराही त्याच्याकडेच राहिला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीमुळे बंदी, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चहासारखं गढूळ. उरलेल्या महिन्यांत मत्स्य विभागाचा परवाना खिशात घालून जायचं आणि अपमान करून घ्यायचा.

साध्या गळात वजन शिशाचं असतं. शिसं भिरकावलं की आमिष त्याच्याबरोबर फरफटत जातं. इथे माशीला वजन जवळपास नाहीच. वजन आहे ते जाड, प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या दोरीला. पाच नंबरच्या (हा नंबर वजनाचा) दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. म्हणजे फेकायची ती दोरी, आणि माशी आपली वरातीमागून घोडं. हे एकदा डोक्यात शिरलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मनगटात शिरत नाही, ही खरी अडचण.

9 फुटी रॉड घड्याळाच्या काट्यासारखा धरा. 10 च्या जागेवरून उचलायचा, 1 वाजता थांबवायचा. थांबवायचा म्हणजे खरोखर थांबवायचा. दोरी मागे हवेत उलगडते, तिला तेवढा वेळ द्यायचा आणि ती सरळ ताणली जातेय तोच पुढे आणायचं. हे थांबणंच जमत नाही. उकडीचे मोदक वाफवताना मध्येच झाकण उचलून बघणाऱ्यांचा आपला समाज. दोरी उलगडायच्या आत हात पुढे गेला की मागे चाबकासारखा 'फट्' आवाज येतो. ऐकायला फार झोकदार वाटतो, काठावरचे लोक कौतुकानं बघतातही. त्या आवाजाचा अर्थ एवढाच की माशी तुटून गेली. पुढचा अर्धा तास तुम्ही नुसताच दोरा नदीवर फिरवत असता, आणि मासे निर्धास्त असतात.

उलट मनगट ढिलं सोडून रॉड 3 पर्यंत लोळू दिला तर दोरी मागच्या झुडपांत. पुढे आणताना एकदम झटका दिला तर दोरीचं टोक स्वतःलाच ओलांडतं आणि दोरी नि माशीमधल्या बारीक दोऱ्यात एक बारीक गाठ बसते. तिला वाऱ्याची गाठ म्हणतात, म्हणजे दोष वाऱ्यावर ढकलायची सोय आहे. या गाठीनं दोऱ्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून दर पाच-दहा फेकींनंतर शेवटचे दोन-तीन फूट बोटांतून ओढून बघावेत. खडा लागला की कापून नवीन बांधावं. कंटाळा केलात, तर नेमका तिथेच दोरा तुटतो, आणि तेही मोठ्या माशालाच.

आकड्यांचा घोळ वेगळाच. गळाचा नि दोऱ्याचा आकडा वाढला की वस्तू लहान होते. 16 नंबरचा गळ बासमतीच्या दाण्याएवढा. माशीच्या लगतचा दोरा, ज्याला टिपेट म्हणतात, त्याचे आकडे एक्समध्ये: 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे हजारावे भाग मिळतात. 5 एक्स म्हणजे 6 हजारांश इंच, म्हणजे 0.15 मिलिमीटर. कुठल्या गळाला कुठला दोरा? गळाचा नंबर भागिले 3. सोळाला पाच. गणित सोपं आहे. तो दोरा त्या गळाच्या नेढ्यातून ओवणं सोपं नाही. चाळिशी ओलांडली असेल तर चष्मा विसरू नका. माशी आभाळाच्या दिशेनं धरली तर नेढं दिसतं, पायांकडे बघत ओवायला गेलात तर संध्याकाळ होईल. ओवल्यावर टोकाचे दोऱ्याभोवतीच पाच वेढे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून मागे, मग मोठ्या वेढ्यातून, आणि आवळण्याआधी थुंकी. थुंकी अंधश्रद्धा नव्हे: कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतं.

आता माशी. तरंगणाऱ्या माशीला गळाभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळलेलं असतं. त्याचे ताठ केस तिला पाण्यावर तोलून धरतात. वर सिलिकॉनचं जेल लावतात, पण राईएवढंच. हात सैल सोडला तर केस चिकटतात आणि माशी पावसात भिजलेल्या कावळ्यासारखी दिसते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण जेवण तिकडूनच वाहत येतं. तेव्हा त्याच्या मागून, म्हणजे नदीच्या खालच्या अंगानं, वाकून जायचं. सरळ उभे राहिलात तर तो तुमचं तोंड बघून जेवण रद्द करतो. मोठा दगड शोधा. त्याच्यामागे जिथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण दिसते, तिथे मासा. पण तुमच्या नि त्या शिवणीच्या मध्ये एक वेगवान धार असतेच. ती दोरीचं पोट खाली ओढते, आणि मागे लाटेची रेघ सोडत माशी स्कूटरसारखी पळू लागते. खरी माशी अशी पळत नाही, हे माशाला चांगलं कळतं. तो वर येतो, नाकापाशी तपासतो आणि पंक्तीत शिळी जिलबी आल्यासारखा वळून जातो. उपाय असा की माशी पडल्याबरोबर रॉडचं टोक उचलून दोरीचं पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं. हळूच. जोर लावलात तर माशीही उचलली जाते.

समजा, हे सगळं जमलं आणि पाण्यावर वर्तुळ उमटलं. आता ओढू नका! तो तोंड मिटून खाली वळेपर्यंत धीर धरा, मग नुसता रॉड वर. घाई केली की माशी त्याच्या उघड्या तोंडातून सुखरूप परत येते आणि त्याच वेगानं मागे जाते.

मागे आल्डरचं झाड असतं. तीर्थनच्या काठी ते असतंच, आणि त्याच्या फांद्यांना लहान लहान, काळपट, खडबडीत बोंडं लटकलेली असतात, जणू माशा अडकवायलाच. इथे रॉड झटकायचा मोह होतो. रॉडची टोकाची कांडी तिथेच मोडते. रॉड फांदीच्या रेषेत सरळ धरा, दोरी हातात घ्या, चेहरा वळवा आणि सावकाश ओढा; एक तर फांदी सोडते, नाही तर टिपेट तुटते. गळ बंदुकीच्या गोळीसारखा येतो, म्हणून गॉगल हवाच. त्याचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून ठेवलेला बरा. कानातून काढायला सोपा जातो, माशाच्या तोंडातूनही.

माशी मिळालीच तर गळाचं टोक नखावर ओढून बघा. रुतलं तर ठीक, घसरलं तर दगडावर घासून घ्या. मग पाच वेढे, थुंकी, राईएवढं जेल. आणि फेकण्याआधी एकदा मागे वळून बघा. आल्डर तिथेच आहे.