मावशीच्या घरातील तीन कॅमेरे

आपल्या घरातील ज्येष्ठांनी एकट्याने, स्वतंत्रपणे आणि सुरक्षित राहावे अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर सर्वप्रथम कॅमेरे बसवून घ्यावेत. माझ्या कोथरूडच्या मावशीकडे असे तीन कॅमेरे आहेत. गेल्या महिन्यात ती पहाटे न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हा त्या तिघांनीही आपले कर्तव्य चोख बजावले. रिकामा सोफा, पुसून ठेवलेली शेगडी आणि बंद दरवाजा यांचे पावणेदोन तासांचे अत्यंत सुस्पष्ट चित्रण आज तिच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या, परदेशातील फोनवर उपलब्ध आहे.

काय हवे आहे, हे ज्येष्ठांना विचारू नये; विचारले की ते सांगतात.

कॅमेऱ्यांनंतर घराच्या नूतनीकरणाकडे वळावे आणि त्यासाठी पंचाहत्तरीचा मुहूर्त धरावा. मावशीच्या न्हाणीघरात पूर्वी खडबडीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर पाय ठरत असे, एवढाच तिचा दोष. ती उखडून तेथे आरशासारखी चकचकीत पांढरी टाइल बसवण्यात आली, आणि भिंतींनाही तीच लावण्यात आली, जेणेकरून मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना भिंत कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते याचा पत्ता लागू नये. कोरडा भाग आणि ओला भाग वेगळा दिसावा म्हणून मधोमध दोन इंचांची पायरी ठेवली, तीही पांढरीच. कमोडशेजारी धरायला एखादा दांडा लावा, असे मावशीने तेव्हाही सांगितले होते, आणि नंतरच्या चार वर्षांत तिने ते किती वेळा सांगितले हे मोजण्याचे कोणाला कारण नव्हते. दांड्यामुळे न्हाणीघराला रुग्णालयाची कळा येते, असे सजावटकाराचे मत पडले. त्याऐवजी टॉवेल अडकवण्याची एक सुंदर, चमकदार दांडी दोन बारीक स्क्रूंवर बसवली. ओल्या टॉवेलचे वजन ती उत्तम पेलत होती. अठ्ठावन्न किलोंची मावशी तोल जाताना तिला धरायला गेली, तेव्हा ती दांडी मावशीसोबत खाली आली.

पुढची गंमत दाराची आहे. आपल्याकडे न्हाणीघराचे दार आत उघडते आणि कडी आतून लागते. मावशी दारालगतच पडली होती. सोसायटीच्या सुरक्षारक्षकाने कडी तोडली, तरीही दार हलेना, कारण जोर लावला की ते तिच्याच दुखावलेल्या पायावर दाबले जात होते आणि ती आतून ओरडत होती. शेवटी मागच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून एका किडकिडीत मुलाला आत सोडावे लागले. दार बाहेर उघडणारे करायला सुताराला अर्धा दिवस लागतो. बाहेरूनही उघडता येणारी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. भिंतीत पक्का बसवायचा, माणसाचे वजन पेलणारा दांडा हजार-दीड हजार रुपयांत येतो. पण या तीन गोष्टींचे छायाचित्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून अंगठे मिळवता येत नाहीत, हा त्यांचा मोठाच उणेपणा आहे. त्या तुलनेत खुब्याच्या शस्त्रक्रियेला केवढा प्रतिसाद मिळाला! पहिल्याच तासात हात जोडलेली चित्रे चाळीसच्या वर गेली होती.

पडल्यावर दाबायचे बटण गळ्यात घालण्यासाठी अवश्य भेट द्यावे. मावशीने ते कपाटात, दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवले आहे.

रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे क्रमांक फ्रीजवर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवावेत, म्हणजे जमिनीवर पडलेल्या माणसाला ते दिसणार नाहीत.

औषधांच्या बाबतीत सढळ असावे. रक्तदाबाच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, झोपेची गोळी दुसऱ्यांची आणि वारंवार लघवीला उठवणारी तिसऱ्यांची असावी, आणि या सर्व चिठ्ठ्या कधीही एकाच टेबलावर येऊ देऊ नयेत. अंथरुणातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, असे मावशी दिवाळीपासून सांगत होती. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला, तर तो उठताना किती उतरतो हे काही मिनिटांत कळते. आम्ही तिला ‘वय झाले’ असे सांगितले. यात मीही आलो.

फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवून निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, परंतु हे ज्येष्ठांना शिकवू नये, कारण त्यासाठी त्यांच्या शेजारी तासभर बसावे लागते.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला; ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास त्यात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे. पण रोज रात्री साडेनऊला न चुकता व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलाने आईला वाऱ्यावर सोडले, असे कोण म्हणेल?

आणि अपघातानंतर काय करायचे, हेही मला गेल्या आठवड्यात कळले. रुग्णालयाच्या खोलीत, मावशीच्या उशाशी फोन टेकवून, ती ऐकत असताना तिच्याविषयी तृतीयपुरुषी चर्चा करायची. ‘आता तिला एकटे ठेवणे शक्य नाही, फ्लॅट काढून टाकू आणि एखादी चांगली संस्था बघू,’ असे मावसभाऊ म्हणाला. संस्थेच्या माहितीपत्रकातील न्हाणीघरात दोन्ही बाजूंना दांडे होते, आणि ते त्याला फार आवडले.

तेव्हापासून माझा तोल सुटला आहे, तर सरळच सांगतो. अरे, ज्या दांड्यामुळे तुझ्या घराला रुग्णालयाची कळा येत होती, त्याच दांड्यासाठी तू आईला घराबाहेर काढायला निघालास? ही बाई एकोणऐंशीव्या वर्षी स्वतःचा स्वयंपाक करते, विजेचे बिल भरते, खालच्या मजल्यावरच्या मुलीला गणित शिकवते. ती परावलंबी नव्हती. तिने चार वर्षांत तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तू तिला तीन कॅमेरे दिलेस. आम्ही पुण्यात राहणारे दर रविवारी तेथे जाऊन पोहे खाऊन आलो, त्याच टाइलवर पाय जपून ठेवत हात धुऊन आलो, आणि आमच्यापैकी एकालाही भिंतीला भोक पाडणारा माणूस बोलावता आला नाही. लाज वाटायला हवी, ती आम्हा सगळ्यांना.

मावशीला गुरुवारी घरी सोडणार आहेत, आणि ‘घरी’ म्हणजे कोथरूडला, असे तिने डॉक्टरांना स्वतः सांगितले आहे. सुतार उद्या येतो आहे, प्लंबर परवा. टाइलवर खरबरीत पट्ट्या लागतील आणि दांडे दोन बसतील, एक कमोडशेजारी आणि एक नळाजवळ. न्हाणीघर छायाचित्रात चांगले दिसणार नाही.