लावणी यादीतून काढणार नाही, बाकीचं बरंचसं पटलंय

काका, नमस्कार. (काका म्हणतेय कारण सत्तरी गाठली असं तुम्हीच लिहिलंय, राग मानू नका.) तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली, आधी चिडले, मग आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली निम्मं तर खरंच बोलतायत ते. म्हणून दोन दिवस थांबले आणि आता लिहितेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी दर महिन्याला 'पुण्यात कुठे काय' लिहिते, त्यावर काकांचं म्हणणं असं की प्रायोगिक नाटक, चित्रप्रदर्शन, लावणीचा शो आणि कॅफेतली स्टँडअप हे सगळं मी एकाच पंगतीला बसवते, 'बालगंधर्वांच्या नावाच्या वास्तूत कॅबरे चालतो आणि तुम्ही त्याची जाहिरात करता' हे त्यांचे शब्द. शिवाय मी कुणालाच वाईट म्हणत नाही. शिवाय माझं पुणं डेक्कनला सुरू होतं आणि कोथरूडला संपतं. आणि शेवटचं, माझ्या भरवशावर ते एका प्रयोगाला गेले आणि तीनशे रुपये नि एक अख्खी संध्याकाळ पाण्यात गेली.

शेवटच्याबद्दल आधी सॉरी. मनापासून. त्यावर खाली येतेच.

कॅबरे या शब्दावर मात्र मी अडले. काका, तुम्ही बालगंधर्व रंगमंदिरात माझ्यापेक्षा शंभरपट जास्त वेळा गेला असाल, तिथली चित्रकार गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी पेंटिंग्ज तुम्हाला माहीत असणारच, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. आपण सगळे त्यांच्यासमोर उभं राहून बटाटेवड्याचा विचार करतो. पण कधीतरी त्या दुसऱ्या चित्राकडे नीट बघा. ज्या नावाचं पावित्र्य आपण जपतोय तो माणूस वर्षानुवर्षं शालू नेसून, नथ घालून स्टेजवर उभा राहिला आणि घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायला शिकल्या. त्याच बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ मध्ये या रंगमंदिराचं भूमिपूजन झालं आणि १९६८ च्या जूनमध्ये ते सुरू झालं. ज्या वास्तूची सुरुवातच असल्या माणसापासून झाली तिथं नऊवारी नेसून नाचणाऱ्या बाईनं काय बाटणार आहे?

आणि तुम्ही लिहिलंय की १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग तुम्ही बघितलाय. अहो काय हेवा वाटला मला! पण त्यातच लावणी आहे ना काका, कीर्तनही आहे, पेशवाईतल्या कलावंतिणींची बावनखणी आहे. तेव्हाही पुण्याचा अपमान झाला म्हणून आरडाओरडा झाला, ते करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेने १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं, मंडळी बाहेर पडली आणि त्यातनं थिएटर अकादमी उभी राहिली, हे मी तुम्हाला काय सांगणार. मला एवढंच कळत नाही की तमाशातलं उचलून नाटकात आणलं की ते प्रायोगिक, आणि ज्यांच्याकडून उचललं त्या बायका स्वतः स्टेजवर आल्या की कॅबरे, हा कुठला हिशोब?

आता तुमच्या बाजूचं पण बोलते. बालगंधर्वला होणारे सगळे लावणी शो चांगले नसतात. बरेचसे ट्रॅकवर असतात, म्हणजे पेनड्राइव्ह लावला की सिनेमातली गाणी सुरू, वर धूर, वर लाल-निळे लाइट. एकदा तर मध्येच गाणं अडकलं आणि त्या मुली तशाच हात वर करून उभ्या राहिल्या, मला इतकं वाईट वाटलं. संगीतबारी हे वेगळंच प्रकरण आहे, तिथं पेटी, तबला, ढोलकी समोर बसलेली असते, गाणारी तिथंच गाते आणि बैठकीची लावणी असेल तर बाई जागची फारशी हलत पण नाही, एका ओळीवर पंधरा तऱ्हेने अदा करते. ते बघायचं तर आर्यभूषण थिएटरला जावं लागतं किंवा सोलापूर रोडला चौफुल्याला. मी यादीत दोन्ही एकाच शब्दाखाली ढकलत होते, 'लावणी' म्हणून. ही चूक माझीच. पुढच्या वेळेपासून ट्रॅकवर आहे की लाइव्ह ते आधी विचारीन आणि तसं लिहीन.

पण यादीतून काढणार नाही. का ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आई आणि मावशीला घेऊन 'खास महिलांसाठी' असलेल्या शोला गेले होते, दुपारचा साडेबाराचा. माझी मावशी म्हणजे लग्नात सुद्धा फोटोला मागे उभी राहणारी बाई. तिसऱ्या लावणीला शेजारच्या रांगेतल्या एका आजींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की स्टेजवरची थबकली, हसली आणि म्हणाली, 'मावशी, पुन्हा!' आणि त्यांनी पुन्हा मारली. मग कुणी ऐकायला तयार नाही, पर्सा खुर्चीवर टाकून बायका मधल्या वाटेत नाचायला लागल्या, डबे आणलेल्या, ऑफिसला हाफ डे टाकलेल्या, आणि मावशी पण. मी नाटकाला इतकं भरलेलं थिएटर शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही. शो संपल्यावर ओळखीने आत गेले तर ती मुख्य नाचणारी पायातले घुंगरांचे चाळ सोडत होती, खाली पायाला जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, त्या सोडल्यावर घोट्याच्या वर घुंगरांचे लाल वळ. चहा पिता पिता म्हणाली संध्याकाळी अजून एक आहे. मी घरी येऊन ते वळ लिहिले नाहीत, फक्त तारीख-वेळ-तिकीट लिहिलं. तेव्हा लिहायला हवं होतं.

स्टँडअपबद्दल तुम्ही 'माइकसमोर शिव्या' लिहून मोकळे झालात. शिव्या असतात, खोटं कशाला बोलू. बाणेरच्या एका कॅफेत मराठी ओपन माइकला गेले होते, प्रेक्षक अकरा, त्यातले आठ जण स्वतःचा नंबर कधी येतोय त्याची वाट बघणारे कॉमिक. म्हणजे खरे प्रेक्षक तीन, मी, माझी मैत्रीण आणि एक काका जे कॉफीला आले होते आणि अडकले. एक मुलगा गळ्यात कंपनीचं आयडी तसंच ठेवून आला, पाच मिनिटं मिळाली, चार मिनिटं कुणी हसलं नाही. पाचव्या मिनिटाला तो जोक सोडून फ्लॅटचा मेंटेनन्स मागायला आलेल्या सेक्रेटरीची नक्कल करायला लागला आणि ते अडकलेले काका असे हसले की कॉफी सांडली. मला ती थेट तमाशातली बतावणी वाटली हो. गणगवळण झाली की सोंगाड्या येऊन गावच्या पाटलाची, सावकाराची, कुणाचीही टोपी उडवायचा, तेच हे, फक्त आता सोंगाड्याला ईएमआय आहे. तुमच्या पिढीने एकपात्रीला रांगा लावल्याच ना? मग या पोरांना पाच मिनिटं द्यायला काय जातं.

आता 'कुणालाच वाईट म्हणत नाही' यावर. तुम्ही २०२२ च्या पुरुषोत्तमचं, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचं, उदाहरण दिलंत, परीक्षकांनी त्या वर्षी करंडक कुणालाच दिला नाही, तेवढं धाडस दाखवा म्हणून. मी कॉलेजात असताना पुरुषोत्तमला बॅकस्टेज केलंय, भरतच्या विंगेत लेव्हल्स उचलल्यात, 'आव्वाज कुणाचा' ओरडून आठवडाभर घसा बसवून घेतलाय. १९६३ पासून चालत आलेली स्पर्धा आहे, तिथं परीक्षकाने हात आखडता घेतला तर पोरं पुढच्या वर्षी चिडून दुप्पट तालमी करतात. पण शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर एखादी नवीन टीम स्वतःच्या खिशातले पैसे घालून नाटक करते, मागच्या महिन्यात मी मोजली, चौतीस माणसं होती आणि त्यातली नऊ तर नटांच्या घरची, तिथं मी 'फसलंय' लिहिलं तर पुढचा प्रयोग लागतच नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला नाटक बसतं, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?

तरी पण तुम्ही पकडलंत मला. मी वाईट लिहीत नाही, पण खोटं मात्र लिहिते, गोड खोटं. ती डिक्शनरी आज उघडच करते: 'वेगळा प्रयत्न' म्हणजे मला काही कळलं नाही. 'नेपथ्य देखणं' म्हणजे नट बघवत नव्हते. 'प्रकाशयोजना उल्लेखनीय' म्हणजे बराच वेळ अंधार होता. 'कलाकारांची एनर्जी' म्हणजे दोन तास नुसते ओरडले. तुम्ही ज्याला गेलात त्याला मी 'वेगळा प्रयत्न, चुकवू नये' लिहिलं होतं आणि मी स्वतः मध्यंतरात घड्याळ बघत होते. दिग्दर्शक ओळखीचा आहे, हे कारण आहे आणि ते चांगलं कारण नाही. यापुढे ओळख असेल तर तसं लिहीन आणि आवडलं नसेल तर फक्त तारीख-वेळ टाकीन, एक शब्द जास्त नाही. कोरी ओळ दिसली की समजून जा.

डेक्कन ते कोथरूड, हेही खरं. माझी स्कूटर जिथवर जाते तिथवर माझं पुणं. सुदर्शन, ज्योत्स्ना भोळे, हिराबागेतलं श्रीराम लागू रंग-अवकाश, द बॉक्स, यशवंतराव, फिरून फिरून तीच थिएटरं. चिंचवडचं रामकृष्ण मोरे, भोसरीचं लांडगे, हडपसरचं तुपे पाटील, इथं काय चाललंय ते मला पेपरात वाचून कळतं. हडपसरला तर मी एकदाच गेले, भाचीच्या गॅदरिंगला. तिकडचं कुणी वाचत असेल तर प्लीज लिहा मला, पोस्टर दिसलं की नुसता फोटो पाठवला तरी चालेल. मेट्रोने चिंचवडकडे जायला आता मला सबब पण उरली नाही.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही, तुम्ही म्हणालात की चित्रप्रदर्शनं तरी यादीतून काढा, फुकट असतात, ती बघायला कुणी जात नाही. अहो म्हणूनच तर टाकते! बालगंधर्वच्या कलादालनात परवा दुपारी एक चित्रकार एकटाच खुर्चीवर डबा खात बसला होता. मला बघून डबा झाकायला लागला तर मीच म्हटलं जेवा हो, मी आहे अर्धा तास.

आणि हो, मागच्या यादीत रविवारच्या प्रयोगाची वेळ साडेपाच टाकली होती, ती साडेबारा आहे, आत्ताच दुरुस्त केली. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत, मैत्रीण येत नाहीये. तीनशे रुपये तर परत देता येत नाहीत, पण येणार असाल तर बारा वाजता गेटजवळ भेटू, गाडी आणू नका, पार्किंग मिळणार नाही. नाटक ट्रॅकवर नाही आणि दिग्दर्शक माझ्या ओळखीचा नाही.